ओहोटीचे फोटो

पोंतालमध्ये कुणाच्याही घरात शिरा, दारासमोरच्या भिंतीवर दोन गोष्टी असायच्याच. एक कोळ्यांच्या संत पेद्रूची तसबीर, आणि दुसरा आमच्या गावाचा आभाळातून काढलेला फोटो. संताची तसबीर कुणी काढली कुणास ठाऊक, पण फोटो वाल्देसीचा.

वाल्देसी बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होता. मासे कमी झाले, बर्फ कुणी घेईना, कारखान्याला कुलूप लागलं. दुसऱ्या कुणी दारू जवळ केली असती. यानं कारखान्याकडून मिळालेले पैसे घालून विमान जोडायला घेतलं. विमान म्हणजे कसलं, दोन खुर्च्या, मागे इंजिन, वर कापडी पंख आणि बाकी सगळा वारा. त्याची बायको म्हणाली, विमान तरी राहील घरात नाहीतर मी. ती फोर्तालेझा शहरात आपल्या बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. विमान मात्र राहिलं. माणूस वाईट नव्हता हो, पण एकदा डोक्यात काही शिरलं की दुसऱ्याला जागा उरायची नाही.

आमच्याकडे सपाट जमीन नाही. मागे वाळूच्या टेकड्या, डावीकडे खाडीचा चिखल. विमान धावणार कुठं? समुद्र मागे हटला की ओली वाळू सिमेंटसारखी टणक होते, तिच्यावरून. ओहोटीला उडायचं आणि पाणी चढायच्या आत उतरायचं. स्वयंपाकघरात चुलीच्या वर त्यानं भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिळ्याला अडकवलेलं होतं. दर वर्षी संत पेद्रूच्या सणाआधी, सकाळी ओहोटी असलेला रविवार तो हेरायचा, दोन गुडघ्यांत विमानाचा दांडा धरायचा आणि बाहेर वाकून गावाचा फोटो काढायचा. पहिल्या वर्षी लोकांनी त्याला गिधाड म्हणून हसून घेतलं. फोटो आला तसे सगळे त्याच्या ओट्यावर जमले आणि आपापलं छप्पर शोधायला लागले. कुणाचं छप्पर फाटकं, कुणाचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत, सगळं उघडं पडलं. दोन भांडणं तर तिथंच लागली. पण प्रत्येकानं फोटो मात्र मागून घेतला.

समुद्राकडच्या पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण राहायची, लिंदाल्वा. नवरा समुद्रात बुडून गेलेला, मूलबाळ नाही. पहाटे होड्या निघायच्या आधी ती कोळशाच्या चुलीवर तापियोका, म्हणजे कंदाच्या पिठाची घावनं, भाजायची, वर खवलेला नारळ, बरोबर काळी कॉफी. निम्म्या गावाची सकाळ तिच्या अंगणात उजाडायची. भावाच्या विमानात मात्र ती कधी बसली नाही. म्हणायची, घरात एक वेडा पुरे आहे. पण इंजिनाचा आवाज आला की चूल सोडून अंगणात यायची आणि पिठाचं पांढरं फडकं हलवायची. प्रत्येक फोटोत तिच्या घरासमोर एक पांढरा ठिपका आहे, तो म्हणजे ती.

समुद्र पुढे येतोय हे गावात सगळ्यात आधी वाल्देसीला कळलं. कळणारच. सुरुवातीला एका ओहोटीला चार तास वाळू मिळायची. मग तीन झाले, मग दोन. शेवटी शेवटी सव्वा तासात उतरलं नाही तर चाक पाण्यात. तो कुणाला बोलला नाही. लिंदाल्वाच्या अंगणापुढचे पाच माड एकेक करून आडवे झाले, तेव्हा तीच एकदा त्याला तापियोका वाढताना म्हणाली, "काय रे, तुझ्या इतक्या फोटोंत माझ्या उंबऱ्याला पाणी लागलेलं एकदाही कसं दिसत नाही?"

"ताई, तेव्हा उतरू कुठं? तुझ्या चुलीवर?"

दोघं हसली. त्या वेळी ती थट्टा होती.

मग सरकारकडून एक इंजिनिअर बाई आल्या. बाई भल्या होत्या, उगाच त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दूर आत, कोरड्या मुलखातल्या शहरात वाढलेल्या. चर्चच्या सभागृहात गाव जमलं. बाईंनी सांगितलं की समुद्र अडवायचे दगड एकाच गावाला पुरतील, एकतर पोंतालला नाहीतर पलीकडच्या गावाला. आणि दगड टाकायचे म्हणजे टेकडीपासून थेट समुद्रात आडवे बांध घालायचे, शंभर शंभर पावलांवर एक.

वाल्देसी मागच्या बाकावर होता. शंभर पावलांवर एक बांध, म्हणजे विमान संपलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, बायको गेलेली, कारखाना गेलेला, आठवड्यातून एकदा तासभर वर जायचं एवढंच काय ते उरलेलं. त्याची बाजू घेत नाही मी. पण त्याच्या मनात काय होतं ते सांगायला हवं.

कोळी बोलले, पाणी आत येतंय. लिंदाल्वा उभी राहून माडांचं बोलली. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, पलीकडचं गावही हेच सांगतंय, मला काहीतरी डोळ्यांनी दिसायला हवं. तेव्हा आमच्यातल्याच एका शहाण्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं की आमच्याकडे अठरा वर्षांचे फोटो आहेत, आभाळातून काढलेले. धावत जाऊन घराघरांतल्या भिंतींवरून फोटो उतरवले. बाईंनी ते टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच पांढरंशुभ्र, लांबरुंद वाळवंट. आणि आम्ही माना उंचावून ते बघत होतो, आमचं गाव किती देखणं म्हणून.

बाईंनी आदरानं विचारलं, "सेउ वाल्देसी, हे कधी काढलेत?"

सभागृहातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की वाल्देसी फक्त ओहोटीला उडतो. इतकं ठाऊक होतं की ते परक्या बाईला सांगावं लागेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाणी ओलं असतं हे कुणी सांगतं का? आलं ते दोघांच्याच डोक्यात. लिंदाल्वानं मान वळवून भावाकडे पाहिलं. सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं. तो स्वतः बोलेल म्हणून ती थांबली.

"रविवारी सकाळी," वाल्देसी म्हणाला. ओहोटीचं नाव त्यानं काढलं नाही.

बाईंनी ते लिहून घेतलं. दगड पलीकडच्या गावाला गेले.

मार्चच्या उधाणाला भर सकाळी नऊ वाजता पाणी लिंदाल्वाच्या स्वयंपाकघरात शिरलं. आम्ही सगळे धावलो. सगळ्यांच्या पुढे वाल्देसी, कमरेएवढ्या पाण्यात. फ्रिज निघाला, खाट निघाली, तव्यासकट चूल निघाली, चौकटीपासून दारसुद्धा उचकटून काढलं. तो भिंतीवरचा फोटो काढायला वळला तेव्हा ती म्हणाली, "तो राहू दे." दुसऱ्या लाटेला भिंत बसली. संध्याकाळपर्यंत पहिली रांग उरली नाही, अकरा घरं. माणूस कुणी गेलं नाही म्हणून पाद्रीबाबांनी देवाचे आभार मानले. आम्हीही मानले, दुसरं काय करणार.

लिंदाल्वा टेकडीवर भावाच्या घरी राहायला आली. तवा आणला होता, पण चूल पेटवली नाही. तिथून होड्यांकडे जायला वाट नाही, तापियोका खायला येणार कोण? ती दिवसभर ओट्यावर बसून असायची. भावाला टाकून बोलली नाही, आवाज चढवला नाही. जेवायला वाढायची, कपडे धुवायची. त्याला ते सोसवेना. पंधरा दिवसांनी त्यानंच विषय काढला. म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"मी तुझ्याकडेच बघत होते," ती म्हणाली.

"मला दिसत होतं."

"मग झालं तर," असं म्हणून ती भात बघायला आत गेली.

जूनमध्ये संत पेद्रूचा सण आला. या वर्षी फोटो नको असं वाल्देसीनं ठरवलं होतं. वेळापत्रकही खिळ्यावरून काढून ठेवलं होतं. पण सणाआधीच्या रविवारी सकाळी लिंदाल्वा डोक्याला रुमाल बांधून विमानाच्या पत्र्याच्या शेडपाशी येऊन उभी राहिली. ओहोटी आहे, म्हणाली, मलाही ने. त्याला वाटलं, ताईनं माफ केलं. माणसाला जे हवं असतं तेच वाटतं. त्यानं तिचा पट्टा बांधला.

विमान वाळूवर धावलं. वाटेत एका जागी त्याला वळसा घालावा लागला, कारण वाळूतून तिच्या स्वयंपाकघराची लाल फरशी वर आली होती. तिच्या विहिरीचं सिमेंटचं कडं वाळू धुपून उघडं पडलं होतं, माणूसभर उंच, अंगणाशिवाय एकटंच उभं. वर गेल्यावर लिंदाल्वानं एकदाही डोळे मिटले नाहीत. बराच वेळ खाली बघत राहिली. मग त्याच्या खांद्याला हात लावून खूण केली, काढ.

आठ दिवसांनी शहरातल्या स्टुडिओतून फोटो आला. आजवर कधी नव्हता इतका रुंद किनारा. मध्ये यायला पहिली रांगच नव्हती ना, मग रुंद दिसणारच. ऊन छान पडलं होतं, पाणी निळंशार. फक्त त्यात कुठं पांढरा ठिपका नव्हता.

लिंदाल्वानं फोटो उजेडाकडे धरून नीट पाहिला, फडक्यानं काच पुसावी तसा हातानं पुसला आणि भावाच्या हातात परत दिला.

"भिंतीवर लाव," ती म्हणाली. "आणि त्या बाई परत आल्या तर त्यांना हाही दाखव. सांग, रविवारी सकाळी काढलाय."