आभाळातल्या पाहुण्याला पायघड्या

श्रीपूरजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या सोजरबाईला एक खोड होती. दारी आलेल्या पाहुण्याचा पाय मातीला लागलेला तिला खपत नसे. जावयाला पायघड्या घातल्या तर समजण्यासारखं आहे. पण ही बाई म्हशीला सुई टोचायला आलेल्या डॉक्टरसाठीही गोठ्यापर्यंत लुगडी अंथरायची. तो बिचारा संकोचून कडेकडेनं शेण तुडवत जायचा.

चौऱ्याहत्तर साली उसावर कीड पडली. औषध फवारायला हेलिकॉप्टर येणार आणि उतरणार ते नेमकं सोजरबाईच्या घरामागच्या माळावर, असं ठरलं. मग काय, बाईंच्या अंगातच आलं! आजवर पाहुणे एस.टी.नं आले, बैलगाडीनं आले. आभाळातून हा पहिलाच. आदल्या दिवशी एका साहेबानं माळावर चुन्याचं रिंगण आखलं आणि आत कुणी पाय टाकायचा नाही, अशी ताकीद दिली.

"मानसानं जायचं न्हाय म्हनला त्यो. चादरीला कुटं नगं म्हनलाय?" असं नवऱ्याला, जोतीरामला, सुनावून तिनं पेटीतली कोरी सोलापुरी चादर काढली. दुसऱ्या दिवशी सगळे वर बघत असताना रिंगणाबाहेर उभी राहूनच तिनं ती झटकन आत पसरली आणि अलीकडच्या दोन टोकांवर दगड ठेवले. पलीकडची टोकं मोकळीच राहिली.

"आलं! आलं!" अख्खी वस्ती ओरडू लागली. काय तो आवाज, काय तो धुरळा! डोईचे पटके उडाले, कोंबड्या सैरावैरा पळाल्या. सोजरबाई हरखून हात जोडून उभी. हेलिकॉप्टर पुरुषभर उंचीवर आलं असेल-नसेल, तोच चादर दगड झुगारून उठली आणि थेट शेपटाकडच्या पंख्यात शिरली. हेलिकॉप्टर गर्रकन फिरलं, कलंडलं, वरची पाती जमिनीवर आपटून त्यांचे तुकडे उडाले.

माणसं उसात पळाली. पेट्रोलचा वास सुटला.

"आरं, माझा पाव्हना मेला की!" सोजरबाईनं पदर खोचला, शेजारच्या भीमाच्या हातातला विळा हिसकावला आणि धावली.

"माघारी फीर, सोजरे! पेटंल त्ये!" जोतीराम ओरडला. ती कसली ऐकते!

आत पायलट पट्ट्याला लोंबकळत होता, कपाळ रक्तानं माखलेलं. तिनं विळ्यानं कराकरा पट्टा कापला आणि त्याला काखेत धरून ओढलं. ओरडणारा जोतीरामही मग राहवेना म्हणून धावला आणि त्यानं पायांकडून उचललं. दोघांनी त्याला बाभळीखाली आणून टेकवलं. यंत्र काही पेटलं नाही. पण पायलट डोळे उघडेना. सोजरबाईचा जीव टांगणीला लागला.

शेवटी त्यानं डोळे उघडले. ती घाईघाईनं म्हणाली, "सायेब, चादर माझी हुती. मीच आतरली. लई शिव्या द्या, मारा, पन डोळं मिटू नगा!"

पायलटनं मोडक्या हेलिकॉप्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आधी पाणी द्या, बाई. शिव्या नंतर देतो."

सोजरबाई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. जन्मात पहिल्यांदाच तिच्या पाहुण्याला पाणी जोतीरामनं दिलं.