ठेवायला दिलेली गिटार

मुलगा मुंबईला नोकरीला गेला, तेव्हा जाताना गिटार माझ्याकडे देऊन गेला. तिथं दहा जणांत एक खोली, त्यात ही कुठं ठेवणार? "आये, नीट ठेव. माझी खोली झाली की न्यायला येतो," म्हणाला.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे घरात मी, म्हैस आणि ती गिटार. म्हशीशी निदान भांडता तरी येतं. गिटारीत मला काडीचा रस नव्हता. पण ती इथं होती तोवर तिच्यासाठी का होईना, त्याला यावंच लागणार होतं. म्हणून मी तिला जिवापाड जपायचं ठरवलं.

आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनासुद्धा बुरशी धरते. ज्याला ओल लागू द्यायची नाही ते आम्ही चुलीवर टांगतो. काकडीच्या, पडवळाच्या बियांची गाठोडी असतात, सुकट असते. मी गिटारही त्यांच्या शेजारी टांगली आणि स्वतःच्या अकलेवर खूश झाले. एकदा चहा उकळत असताना वरून खाडकन आवाज आला. खालच्या बाजूला तारा जिथं अडकवतात तो लाकडी पट्टा उखडून तारांना लोंबत होता. लुगड्यात गुंडाळून तिला एसटीनं महाडला नेली.

महाडात एक मुलगी घराच्या माडीवर गिटार शिकवते, दुरुस्तही करते. तिनं आधी वास घेतला. "काकू, हिला सुकटीचा वास येतोय!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला, पण काम तिच्याकडे होतं. मग पट्टा पुन्हा चिकटवून देते म्हणाली आणि नीट समजावलं. ओल नको तशी धगही नको, धगीनं डिंक सुटतो आणि ताणलेल्या तारा तो पट्टा उपटून काढतात. पिशवीत ठेवायची, अधूनमधून बाहेर काढायची, तारा कोरड्या फडक्यानं पुसायच्या. "आणि नुसती पडून राहू देऊ नका, कोणीतरी वाजवायला हवी," ती म्हणाली.

"माझा मुलगा येणार आहे ना."

"येईपर्यंत तुम्ही वाजवा."

त्या वर्षी गणपतीला त्याला सुट्टी मिळाली नाही. मी बाजाराच्या दिवशी महाडला जाऊन शिकायला लागले. वाडीत सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. या वयात गिटार म्हटलं असतं तर लोकांना वर्षभर पुरलं असतं.

नव्या माणसाची बोटं तारांनी सोलवटतात म्हणे. माझी कोयत्यानं आधीच राठ झालेली, त्यामुळे मी जरा मिजाशीत होते. पण कोयत्याची मूठ आवळतात तशीच मी गिटारीची मान आवळायचे. थोड्याच दिवसांत मनगट ठणकायला लागलं, अंगठ्याला मुंग्या आल्या, धार काढता येईना. बाईसाहेब कडाडल्या, "काकू, फांदी तोडताय का? आवाज स्वच्छ येण्यापुरतंच दाबायचं. मनगट सरळ, खांदे सैल. दुखलं की थांबायचं, दुखत्या हातानं वाजवायचं नाही." हात बरा होईपर्यंत तिनं गिटारीला हात लावू दिला नाही.

ते दिवस काही केल्या जाईनात. भाकरी थापली, भांडी घासली, की पुढं काय? एवढी वर्षं मी एकटीच राहत होते, पण एकटी आहे हे तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हटलं, म्हशीपुढं. मग हात बरा झाला आणि मी हळूहळू, मोजून मापून, रोज थोडं वाजवायला लागले.

यंदा गणपतीला तो आला. खोली झाली होती. त्यानं येताना फोनवर सांगितलं होतं, "गिटार काढून ठेव." मी पुसून, तारा सुरात लावून ठेवली. त्यानं घेतली, थोडं वाजवलं आणि बोटांवर फुंकर मारायला लागला. मग थबकला. "आये, ही लावली कुणी?"

"मी."

"काय सांगतेस! वाजव बघू."

वाजवलं. एकही सूर चुकला नाही. त्यानं मोबाईलवर सगळं टिपलं, मला मिठी मारली. इतका खूश मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता. "तूच ठेव गो आये. मला कुठं टाइम हाय? आता ही तुझी."

"नको रे. घेऊन जा. नायतर पुढच्या येळेला ने."

"नेऊन काय करू? तिकडं पडून राहील नुसती."

त्याचं खरं होतं. त्यानं मनापासून दिली होती, मला नाही म्हणता येईना. गौरी-गणपती गेले तसा तोही निघाला. वाडीतली बाकीची घरंही एकेक करून कुलपं लावत होती. मी त्याच्याबरोबर एसटीच्या फाट्यापर्यंत गेले. पुढं कधी येशील, असं विचारलं. "बघू, सुट्टीचं काय जमतं," म्हणाला आणि गाडीत चढला.

घरी येऊन मी गिटार मांडीवर घेतली. आता तिला न्यायला कुणी येणार नव्हतं.