भाता माझ्या हाती

आमचे हे सत्तावीस वर्षं दौंडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये पेटी वाजवत होते. आठवडाभर रेल्वेत फिटर आणि रविवारी पेटीमास्तर. नोकरीतून रिटायर झाले, पेटीतून झाले नाहीत. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला. तो उचलायला वाकले आणि तिथंच बसले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं सगळं गेलं. शिल्लक राहिला एकच शब्द, "व्हय."

ह्यांच्या गावच्या, निमोण्याच्या मातीतला शब्द, तो काही त्यांना सोडून गेला नाही. चहा घेणार का? व्हय. की नको? व्हय. दुखतंय का? व्हय. संसारातली बत्तीस वर्षं माझ्या प्रत्येक म्हणण्याला "न्हाई" म्हणणारा माणूस सगळ्यालाच हो म्हणायला लागला, तेव्हा खरं तर मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. घरात भांडायला माणूसच उरला नाही.

मंडळीतल्या बायका यायच्या, प्रार्थना करायच्या, डबा ठेवून जायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एकीनं निघताना उसासा टाकून "देवाची इच्छा" म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ताई, त्याची इच्छा काय ती तो मला सांगेल. तुम्ही पोळ्या ठेवा." ती पुन्हा आली नाही. पोळ्या पाठवणं मात्र तिनं थांबवलं नाही, हा तिचा मोठेपणा.

मी खंबीर वगैरे काही नव्हते. चिडलेली होते. रोज सकाळी ह्यांना अंघोळ घालून खुर्चीत बसवलं की मी प्रार्थनेला बसायची, आणि प्रार्थना कमी, भांडणच जास्त व्हायचं. नवरा भांडत नाही म्हटल्यावर देवाशीच. ज्या हातानं इतकी वर्षं तुझी स्तुती वाजवली, नेमका तोच हात का घेतलास? उत्तर काही आलं नाही. पण संडेस्कूलमध्ये ऐकलेली एक गोष्ट सारखी डोक्यात घोळायला लागली. लुळ्या पडलेल्या माणसाला चौघांनी खाटेसकट छपरावर चढवलं, छप्पर उसकटलं आणि त्याला थेट प्रभूसमोर सोडलं. त्या चौघांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती, घरमालकाचीसुद्धा नाही. मीही ठरवलं, आता कुणाला विचारत बसायचं नाही. ईस्टरला हे पेटीवर बसणार म्हणजे बसणार.

पाळकसाहेबांना तेवढं सांगून ठेवलं, तर ते अवघडले. शिक्रापूरला कंपनीत काम करणारे एक गृहस्थ दर रविवारी कीबोर्ड घेऊन यायला लागले होते. "वहिनी, आता त्यांना आराम करू द्या," पाळकसाहेब म्हणाले.

"सहा महिने आरामच चाललाय, साहेब," मी म्हटलं.

आणि हे? हे तर चर्चला यायलाच तयार नव्हते. रविवारी इस्त्रीचा सदरा पुढं केला की भिंतीकडं तोंड फिरवायचे, आणि वर "व्हय" म्हणायचे.

पेटी खाटेखालून ओढून काढली तर उंदरानं तिचा भाता कुरतडलेला. भाता गेला की हवा गेली, आणि हवेशिवाय पेटी म्हणजे नुसतं खोकं. दोन घरं सोडून ह्यांचे जुने दोस्त राहतात. पिढ्यान् पिढ्या दौंडमध्ये राहिलेलं मुसलमान घर, मोटरसायकलच्या सीटांना कव्हर शिवायचं दुकान. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मामांनी पेटी दुकानात नेली आणि सीटचंच काळं रेक्झिन लावून भाता शिवला. घरी आणून ह्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली, आणि हवा कुठून गळते का ते बघायला स्वतःच पलीकडं बसून भाता मारायला लागले.

"मास्तर, येक सूर दाबा की. टाका कुठं सुटलाय का बघू."

ह्यांनी आधी मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग डावा हात हळूहळू पुढं सरकला. आजवर नुसती हवा भरत आलेला हात. एक पट्टी दाबली. सूर निघाला. मग दुसरी. तिसरी चुकली, पुन्हा दाबली. मामा भाता मारायचे थांबेनात. मी कणकेच्या हातांनी दारात उभी होते. इतके महिने आम्ही सगळे गेलेल्या हाताकडंच बघत बसलो होतो.

चौघांचं काम देवानं एकाकडून करून घेतलं, आणि तोही पाच वेळा नमाज पढणारा.

पण मामा रोज दुकान सोडून थोडेच बसणार? भाता माझ्याकडं आला आणि तिथं माझी जिरली. आम्ही बायका चर्चमध्ये भजनाला टाळ्या वाजवत वाढलेल्या. माझा हात आपोआप तालावर चालायचा, धप्, धप्, आणि पेटीला उचकी लागायची. हे डोळे वटारायचे. हवा तालावर भरायची नसते, ती सारखी भरत राहायची असते, हे त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं. मग सूर सोडून ते डावा हात माझ्या मनगटावर ठेवायचे आणि माझा हात चालवून दाखवायचे. हळू. एकसारखं.

रोज दुपारी, महिनाभर. त्या दुपारांत मला शांती मिळाली, हे मी सरळ लिहिते. त्यांचा हात बरा झाला नव्हता, बोलणं आलं नव्हतं, पुढं काय ते डॉक्टरही सांगत नव्हते. तरी मनगटावर ती बोटं आली की आत काहीतरी जागेवर बसायचं. प्रभू माझ्या घरात आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. सकाळचं भांडण कधी बंद पडलं तेही कळलं नाही.

ईस्टरच्या सकाळी सदरा पुढं केला. पुन्हा भिंत.

"अहो, भाता मी मारणार आहे," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर माझी फजिती होईल. ती बघायला तरी चला."

तोंडाचा डावा कोपरा हलला. "व्हय."

चर्चमध्ये कीबोर्डवाले गृहस्थ आपणहून उठले, पेटीला जागा करून दिली, माइक जवळ आणला. आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये पेटी. पुनरुत्थानाचं गाणं सुरू झालं. डाव्या हाताची चाल संथ होती, पण सगळी मंडळी त्याच चालीनं गायली. दुसऱ्या कडव्याला मी चुकून वर पाहिलं. ह्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा पूर्वीचा, रविवारचा. माझा हात थांबला. सूर विरला, मंडळी अडखळली.

तेवढ्यात समोरून आवाज आला, खरखरीत, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

"न्हाई! भाता!"

सात महिन्यांतलं पहिलं न्हाई. मी रडत, हसत भाता मारायला लागले, धप्, धप्, सगळा तालावर, सगळा चुकीचा. त्यांनी भर उपासनेत डोळे वटारले. भांडायला माझा माणूस मला परत मिळाला होता.