पूर ओसरल्यावरची दोरी

धायरीच्या पोकळ्यांची अक्षता पोलिसात लागली तेव्हा तिची सासू म्हणाली होती, "आता हिला भांडायचा पगार मिळनार हाय!" म्हातारीचं फारसं चुकलं नाही. मिरवणूक असो की मोर्चा, अक्षताचा आवाज आधी पोचतो, ती मागाहून येते. पण पुरानंतर नदीकाठच्या त्या सोसायटीपुढे दोरी बांधून उभं राहणं तिच्याही घशाला जड गेलं.

पाणी ओसरलं होतं, पण बी विंगच्या खांबाला मोठा तडा गेला होता. इंजिनिअर पाहून जाईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही, ऐकणार नाही त्याला उचलायचं, असा हुकूम होता. सकाळपासून लोक हुज्जत घालत होते.

"अहो, घर आमचं, हप्ते आम्ही भरतो, आणि अडवणाऱ्या आपण कोण?" चेअरमन श्यामसुंदररावांनी विचारलं.

"ढिगाऱ्याखालून तुम्हाला उपसावं लागेल ती मी," अक्षता म्हणाली आणि भोंगा तोंडाला लावून गरजली, "दोरीपलीकडे जो दिसेल त्याला थेट कोठडीत टाकीन!"

दुपारी मात्र हुज्जत एकाएकी थांबली. श्यामसुंदररावांनी चक्क चहा विचारला. एवढा गोडवा बघून अक्षताला शंका आली. तिनं आजूबाजूला नजर फिरवली. यवतमाळकडचा वॉचमन बद्रीनाथ सकाळपासून फाटकाशी बसून होता, तो आता कुठेच दिसेना. त्याची बायको गोदाबाई तेवढी तोंडात पदराचा बोळा धरून बी विंगकडे टक लावून उभी होती.

"नवरा कुठाय?"

गोदाबाईला रडूच फुटलं. "चेअरमनसायबांनी पाठवलं जी. बाईच्या पाटल्या आणाले. मांगच्या भिंतीवरून गेला."

अक्षतानं भोंगा उचलला. तेवढ्यात बी विंगच्या सज्जाचा एक तुकडा धाडकन खाली आला. "बद्रीनाथ, बाहेर या!" ती भोंग्यातून ओरडली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक डोकं दिसलं आणि लगेच खाली दडलं. तिच्या धमकीला भिऊनच तो त्या तडकलेल्या इमारतीत लपून बसला होता. आता ती जितकी ओरडेल तितका तो आत सरकेल, हे तिला कळून चुकलं.

तिनं ठाण्यातल्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "बाहेर आला की वॉचमनला उचल. बाकीच्यांना धडा मिळेल."

तिनं भोंगा श्यामसुंदररावांपुढे धरला. "त्याला सांगा, तुम्ही पाठवलंत."

"मी? सगळ्यांसमोर?"

"कपाटाची किल्ली देताना त्याच्यावर विश्वास होता ना? मग बोला!"

श्यामसुंदररावांनी घसा खाकरला. "बद्रीनाथ, सोसायटीतर्फे कळवण्यात येते की..."

वरून विटा कोसळल्या. गोदाबाई किंचाळली. अक्षतानं श्यामसुंदररावांचा दंड घट्ट धरला. "अहो, माणूस मरतोय तिकडं!"

"बद्रीनाथ!" म्हाताऱ्या चेअरमनचा आवाज फाटला. "मी पाठवलं होतं रे! सगळे ऐका, मीच पाठवलं! पाटल्या राहू देत, तू बाहेर ये बाबा!"

 मग जिन्यात चपला वाजल्या आणि धुळीनं पांढराफटक झालेला बद्रीनाथ धावत बाहेर आला. पुरचुंडी त्यानं चेअरमनच्या बायकोच्या हातात ठेवली. गोदाबाईकडे न बघताच तो अक्षतासमोर येऊन उभा राहिला आणि दोन्ही मनगटं जोडून पुढे केली.

अक्षताला आपल्या वर्दीची एवढी लाज कधी वाटली नव्हती. तिनं त्याचे हात खाली केले.

"जा बद्रीभाऊ. बायकोजवळ बसा, पाणी प्या."

मग तिनं पुन्हा साहेबांना फोन लावला.

"सर, एकाला घेऊन येतेय. नाही सर, वॉचमनला नाही. चेअरमनना."