गजराबाईचं निळं माप

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर मी नक्की काय विकतो हेच कधी धड ठाऊक नव्हतं. सदाशिव पेठेत मी सांगायचो, 'जनावरांची औषधं'. लोक गाय समजायचे. मी समजू द्यायचो.

मी गाभण आणि पिल्लांना पाजणाऱ्या डुकरिणींच्या खाद्यात घालायची पावडर विकायचो. मुरडा नाक. मीही मुरडायचो, पगार मात्र चोख घ्यायचो. बाहेरच्या कंपन्या नुकत्याच देशात येत होत्या, शेजारचा मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला होता — आणि माझ्या वाट्याला काय, तर डुकरं. हा राग काढायचा कोणावर? जो समोर उभा असेल त्याच्यावर.

वारज्यात तेव्हा बरीच मोकळी रानं होती. तिथे गजराबाईची पत्र्याची शेड होती. नवरा वारलेला, आणि त्याच्या मागे चार डुकरिणी तिच्याकडे राहिल्या त्या दिराने राहू दिल्या म्हणून. बाईला हे झेपायचं नाही, असं तो पहिल्याच दिवशी मला तिच्यादेखत म्हणाला. तिला झेपत होतं. मला ते दिसत होतं, पण मी कशाला बोलू?

मी तारेच्या कुंपणाबाहेरच उभा राहायचो. आत — एकदाही — गेलो नाही. बुटांना घाण, कपड्यांना वास. घरी काय सांगायचं? कंपनीचा एक फॉर्म होता. आत जाऊन पाहायचं, जनावर काय खातं, पाणी किती मिळतं, ते लिहायचं. मी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहून टाकायचो : कोरडा भरडा, पाणी भरपूर. पावडर कोरड्या भरड्यासाठीच होती, तिच्यात मीठ होतं. निळं प्लॅस्टिकचं माप गजराबाईच्या हातात देऊन मी ऐटीत सांगितलं, व्याल्यावर रोज दोन मापं, एक सकाळी, एक संध्याकाळी.

ती कोथरूडच्या खाणावळींतून खरकटं आणायची. खारट आमट्या, लोणच्याचा खार, पापडांचा चुरा. पाण्याचा टँकर दोन-दोन दिवस यायचा नाही. चार पावलं आत टाकली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं.

एक डुकरीण व्यायली आणि आठवड्याने गजराबाईने निरोप धाडला. मी कुंपणापाशी जाऊन पाहिलं. डुकरीण गोल गोल फिरत होती, भिंतीवर आपटत होती, स्वतःचीच पिल्लं तिला दिसत नव्हती. खाण्यात मीठ जास्त आणि पाणी कमी झालं की जनावराला त्याचं विष चढतं; असं दिसलं तर आधी मिठाचं विचारा, हे मला शिकवलेलं होतं. मला तिथल्या तिथे कळलं. तोंड उघडायला किती वेळ लागला असेल? फार नाही.

दीर शेजारीच होता. त्याला मी म्हणालो, "बाईंनी माप चुकवलं. जास्त घातलं."

"तुमी दावलं तेवढंच घातलंय, सायेब," गजराबाई म्हणाली. "चिमूटभर जास्त न्हाई."

तिने आवाज चढवला नाही. मी चढवला. कळत नसेल तर विचारावं माणसाने, असं काहीबाही बोललो. आणि — हे सगळ्यांत वाईट — पावडर बंद करा, पाणी थोडं थोडं पाजत राहा, हे मी म्हणालोच नाही. म्हणालो असतो तर खोट कुठे आहे ते दिराला कळलं असतं. दुसरी डुकरीणही पिल्लांना पाजत होती. तिला गजराबाई माझ्या सांगण्याप्रमाणे दोन मापं घालत राहिली.

दोन्ही मेल्या. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा उरलेल्या दोन आणि पिल्लं दिराने नेलेली होती. शेड रिकामी होती. मी गेलो होतो कशाला? माप परत घ्यायला. कंपनीतून कोणी तपासायला आलंच, तर ते तिथे सापडायला नको होतं; ती मापूनच घालत होती हे उघड झालं असतं.

गजराबाईने ते धुतलं, पदराने पुसलं आणि तारेवरून माझ्या हातात दिलं. मला तिचा राग आला. हो, तिचाच.

त्या जागी आता आयटीवाल्यांची सोसायटी आहे. दीर ओळखीपाळखीत बरीच वर्षं सांगत असे, वहिनीने दोन डुकरिणी मारल्या.

तिने मारल्या नाहीत. ती रोज बरोबर दोनच मापं घालत होती.