भावनांच्या तासाची तालीम

पुढील किस्से मी गेल्या शैक्षणिक वर्षी, बी.एड.च्या सरावपाठांदरम्यान, कसबा बावड्याजवळच्या एका शाळेत मधल्या सुट्टीत ऐकले. सांगणाऱ्या पाचवीच्या वर्गशिक्षिका, पाटील मॅडम. स्टाफरूमच्या कपाटात मुलांचे विसरलेले डबे साठतात, तसे हे किस्से साठत जातात. किस्से न्यायला कोणी येत नाही, इतकेच. शाळेच्या फाटकावर मात्र ‘सर्वांगीण विकास’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे.

*

‘जीवनकौशल्ये’ या विषयात मुलांनी शर्टाला बटण लावून दाखवायचे होते. एका आईने शर्ट थेट मॅडमच्या हातात दिला. “टेलरकडनं पक्कं लावून आणलंय की! आता ए ग्रेड द्या.”

*

दर आठवड्याला बाकावरचा शेजारी बदलायचा, अशी मॅडमची पद्धत. सर्वांची सर्वांशी मैत्री व्हावी, हा हेतू. एक वडील तक्रार घेऊन आले. “मैत्रीला आमची ना न्हाय, मॅडम. पण शेजारी पहिल्या तीन नंबरातला बघा की!”

*

त्याच वर्गात सानिया होती. दिवाळीच्या सुट्टीत तिची अम्मी वारली, आणि तेव्हापासून ती शाळेत एक शब्दही बोलली नव्हती. ‘जीवनकौशल्यां’मधल्या स्वयंपाकाच्या तासाला मटार सोलताना मात्र ती मॅडमच्या कानाशी पुटपुटली, “अम्मी सोलता सोलता मला भरवायची.”

मॅडमना आशा वाटली. पुढच्याच आठवड्यात तो तास स्कॉलरशिपच्या सरावाला गेला. मुख्याध्यापक म्हणाले, “मटार काय, घरी पण सोलता येतात, मॅडम!”

*

मग एक समिती ‘भावनांचा तास’ पाहायला येणार, असे ठरले. आठवडाभर तालीम झाली. वर्गातल्या रुद्रने रडायचे, इतरांनी त्याची समजूत काढायची.

त्या दिवशी रुद्र उत्तम रडला. तेवढ्यात मागच्या बाकावरून सानियाचा हुंदका आला; “अम्मी!” असे ती मोठ्याने म्हणाली. मुख्याध्यापक मॅडमच्या जवळ येऊन कुजबुजले, “तिला बाहेर बसवा. आज रडायला रुद्र हाय न्हवं!”

मॅडमनी तिला बाहेर पायरीवर बसवले आणि त्या परत आत आल्या. समितीने टाळ्या वाजवल्या.

पुढचे मॅडमनी स्वतः पाहिलेले नाही. ते शाळेतल्या शिपाई मावशींनी त्यांना सांगितले. मावशी आता नोकरी सोडून गेल्या आहेत, त्यामुळे एवढा भाग मला कधीच पडताळता आला नाही. टाळ्या संपल्यावर रुद्र बाहेर आला, सानियाशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, “माझं झालं. आता तू रड की.”