केसाएवढी चीर

दवाखान्यात तिला सगळे एक्स-रेबाई म्हणत. बावीस वर्षं ती लोकांची हाडं बघत आली होती. फिल्म काढायचं काम तिचं, वाचायचं डॉक्टरांचं. हा नियम तिने कधी मोडला नव्हता. मोडला तो घरच्याच माणसापायी.

शनिवारी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याची फिल्म तिनेच काढली. हाडावर एक बारीक रेघ दिसत होती. डॉक्टर सोमवारपर्यंत रजेवर, नवरा फिरतीवर. सासूबाईंनी विचारलं, तेव्हा सहज तिच्या तोंडून गेलं, "हेअरलाइन आहे, आई. म्हणजे केसाएवढी. काही होत नाही त्याने."

"माझ्या डोक्यावर केस तरी कुठे उरलेत," म्हातारी हसली. "चीरही बेताचीच असणार मग."

रविवारी तिची ड्यूटी. दिवसभर अंथरुणात लघवीचं भांडं द्यायला घरात कोण? तिने काठी सासूबाईंच्या हाताशी ठेवली, न्हाणीघरात हळूहळू जात जा म्हणाली, आणि गेली. हेअरलाइन हा शब्द तिने रिपोर्टात हजारदा पाहिला होता. त्या दिवशी तो तिला सोयीचा वाटला, एवढंच.

संध्याकाळी सासूबाई न्हाणीघराच्या दारात पडलेल्या सापडल्या. दुसरी फिल्मही तिनेच काढली. हाड सरकलं होतं.

सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. "हेअरलाइन म्हणजे फट केसाएवढी अरुंद, बस. दुखणं लहान आहे असं नव्हे. ही चीर आरपार गेली होती, पाय टेकायलाच नको होता. यांना चालायला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मीच उठले," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. फिरतीवरून धावत आलेला नवरा आईवरच चिडला, या वयात हट्ट कशाला म्हणून.

ती भिंतीला टेकून उभी होती. मनात देवाचं नाव घेतलं, पण काही मागायला तोंड नव्हतं. गप्प राहिली असती तर सुटली असती.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझं काम नसताना फिल्म वाचली मी."

सासूबाई पुटपुटल्या, "झालं. पाडलंस मला खोटं."

ऑपरेशन झालं. सासूबाई आता वॉकरवर चालतात. दवाखान्यात एक्स-रेच्या टेबलावरचं माणूस अजून विचारतं, बाई, फार नाही ना? ती म्हणते, डॉक्टर सांगतील, तोवर पाय टेकू नका. आणि घरी वॉकरची टकटक न्हाणीघराकडे निघाली, की हातातलं टाकून मागे जाते.

"पळून नाही जात मी," सासूबाई म्हणतात.

ती दाराशी उभीच राहते.